धरणाकाठचं उन्हाळी शिबिर: सुरक्षेचा आराखडा कसा करायचा?

नाशिकच्या सिडकोतल्या एका युवक मंडळाने विचारलं आहे. मे महिन्यात दहा ते पंधरा वयाच्या साठ मुलामुलींचं पाच दिवसांचं निवासी शिबिर घ्यायचं आहे. जागा म्हणजे अप्पर वैतरणा धरणाच्या फुगवट्याजवळ एका कार्यकर्त्याच्या ओळखीतलं शेत. कार्यक्रमात धरणात पोहणं, एक दिवस अंजनेरीचा गड, अर्धा दिवस रॅपलिंग म्हणजे दोराने कडा उतरणं आणि शेवटच्या रात्री शेकोटी. "ताई, सुरक्षेच्या आराखड्याचा एखादा तयार नमुना आहे का? पालकांकडून लेखी घेतलं की आमची जबाबदारी संपते का? आणि पालक सारखे बिबट्या आणि सापाचंच विचारतात, त्यांना काय सांगायचं?"

सहीचं आधी उरकते. संमतिपत्र घ्यायचंच. पण ते कशासाठी, तर पालकांना कार्यक्रम नेमका ठाऊक आहे आणि वेळ पडली तर दवाखान्यात उपचार सुरू करायला त्यांची हरकत नाही, एवढ्यासाठी. 'काही झाल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही' ही ओळ तुम्हाला वाचवत नाही. निष्काळजीपणाने जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा दाखल होतो, आणि तो गुन्हा पालकाने आधीच सही करून माफ करता येत नाही. संमतिपत्रात ती ओळ ठळक अक्षरात दिसली की मी त्या संस्थेची बाकीची तयारी जरा जास्तच बारकाईने तपासते.

तयार नमुने पुष्कळ मिळतात. शक्यता गुणिले तीव्रता, लाल-पिवळे-हिरवे रकाने. त्यांचा उपयोग होतो, पण भरणारा माणूस बहुतेक वेळा 'धोका: बुडणे, उपाय: योग्य काळजी घेणे' असं लिहून मोकळा होतो. काळजी घेणे हा उपाय नव्हे. माझ्या दृष्टीने आराखडा म्हणजे तीन प्रश्नांची लिहून काढलेली उत्तरं. कोणती खूण दिसली की थांबायचं? थांबा म्हणायचा अधिकार कोणाला? आणि मदत किती मिनिटांत पोचते?

पहिला प्रश्न नाशिककरांना वेगळा समजावून सांगायला नको. गोदावरीला पूर आला की आपण क्युसेकचे आकडे नंतर ऐकतो, आधी विचारतो की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं. पाणी अमुक ठिकाणी आलं की काठावरचा दुकानदार माल हलवतो. त्या क्षणी तो चर्चा करत बसत नाही, कारण खूण आधीच ठरलेली असते. शिबिरातही तसंच हवं. ऐनवेळी निर्णय चुकतो तो माहिती नसल्यामुळे फार थोड्या वेळा. बसचे पैसे भरलेले असतात, मुलं ओरडत असतात, 'इथवर आलोच आहोत तर' असं कोणीतरी म्हणतं, आणि शिबिरप्रमुखाला सगळ्यांचा विरस करणारा माणूस व्हायचं नसतं. आकडा घरी बसून, शांतपणे ठरवलेला असेल तर 'नाही' म्हणताना कोणा एकावर राग निघत नाही.

आता पाणी. इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्या कार्यक्रमात सर्वात धोकादायक गोष्ट हीच आहे आणि पालकांनी तिच्याबद्दल एकही प्रश्न विचारलेला नाही.

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ८ जून २०१४ ला हिमाचलमध्ये बियास नदीच्या पात्रात फोटो काढायला उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले, कारण वरच्या लारजी प्रकल्पातून पाणी सोडलं होतं. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. तिन्ही ठिकाणी मुलांबरोबर मोठी माणसं होती. मोठं माणूस सोबत असणं वेगळं आणि पाण्याची जबाबदारी घेतलेलं, पाण्याची जाण असलेलं माणूस असणं वेगळं.

मे महिन्यात धरणाचं पाणी खाली गेलेलं असतं, त्यामुळे काठ रुंद आणि सपाट दिसतो, पाणी निवांत दिसतं. पण तो काठ म्हणजे वाळू नव्हे, गाळ असतो. वरून सुकलेला, भेगा पडलेला, आणि चार पावलं पुढे गुडघाभर रुतणारा. त्याच्या पुढे जुन्या नदीचं पात्र असतं, तिथे तळ एकदम खाली जातो. कुठे बुडालेली विहीर, कुठे झाडाचे खुंट. तरणतलावात छान पोहणाऱ्या मुलाला यातलं काहीच ठाऊक नसतं, म्हणून पोहता येणारा मुलगा इथे न येणाऱ्यापेक्षा जास्त आत जातो. आणि बुडणारं मूल हात वर करून 'वाचवा' म्हणत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, ओरडणार कसं? लहान मूल मिनिटभराच्या आत, आवाज न करता खाली जातं. काठावर गप्पा मारत उभ्या असलेल्या चार कार्यकर्त्यांना ते कळतसुद्धा नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे: फुगवट्यात पोहणं कार्यक्रमातून काढा. मुलांना पाण्यात खेळवायचंच असेल तर शिबिराच्या आधी एक सकाळ त्र्यंबक रोडवरच्या महापालिकेच्या वीर सावरकर जलतरण तलावावर रीतसर परवानगी घेऊन न्या. तिथे खोली माहीत असते, तळ दिसतो, जीवरक्षक असतो. धरणाकाठी मुलं असतील तेव्हा काठापासून वीस-पंचवीस पावलांवर दोरी किंवा चुन्याची रेघ आखा, आणि रेघेपलीकडे मूल गेलं की शिट्टी. रेघेवर एक माणूस, ज्याच्या हातात फोन नाही आणि ज्याला दुसरं कुठलंही काम दिलेलं नाही. तासाने माणूस बदला, लक्ष टिकत नाही.

आणि हे सगळ्या कार्यकर्त्यांकडून पाठ करून घ्या: कोणी बुडताना दिसलं तर उडी मारायची नाही. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. काठावर पाच लिटरचा रिकामा कॅन वीस मीटर दोरीला बांधून ठेवा, तळाशी थोडं पाणी राहू द्या म्हणजे फेकताना लांब जातो. लांब बांबू ठेवा. आडवं झोपून बांबू पुढे करायचा किंवा कॅन फेकायचा. बाहेर काढलेल्या मुलाला उलटं धरू नका, पोटावर दाबून पाणी काढत बसू नका, त्यात वेळ जातो. श्वास नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, मदत येईपर्यंत. हे वाचून येत नाही. शिबिराआधी निदान सहा कार्यकर्त्यांना पुतळ्यावर शिकवून घ्या. शेतात विहीर असेल तर तिला जाळी किंवा पत्र्याचं झाकण असल्याशिवाय जागा पक्की करू नका. मूल सापडत नाही असं कळलं की पहिला माणूस विहिरीकडे आणि पाण्याकडे पळतो, तंबू आणि झाडं नंतर. झाडाखाली झोपलेलं मूल दहा मिनिटांनी सापडलं तरी चालतं.

मोजणीचंही इथेच सांगते. 'सगळे आहेत ना?' या प्रश्नाला साठ मुलं 'हो' म्हणतात, त्यात हरवलेल्याचा मित्रसुद्धा असतो. प्रत्येकाला पहिल्या दिवशी कायमचा आकडा द्या, मोजणी म्हणजे मुलांनी क्रमाने आपला आकडा ओरडायचा. शिवाय जोड्या लावा. शिट्टी झाली की जोडीदाराचा हात धरून उभं राहायचं. खेळ म्हणून दिवसातून चार-पाच वेळा केलं तर मुलांना मजा वाटते आणि तुम्हाला अर्ध्या मिनिटात उत्तर मिळतं.

तिसरा प्रश्न मदतीचा. १०८ चा नंबर फलकावर लिहिला म्हणजे रुग्णवाहिका आली असं नव्हे. वैतरणेच्या बाजूला काही वळणांवर मोबाइलची रेंज जाते. पाहणीला जाल तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांची तीन सिमकार्डं घेऊन शेताच्या प्रत्येक कोपऱ्यात उभं राहून फोन लावून बघा आणि जिथे लागतो तिथे खूण करा. मग शेतातून गाडी काढून घोटी किंवा इगतपुरीच्या सरकारी रुग्णालयापर्यंत रात्रीच्या अंधारात एकदा स्वतः चालवत जा आणि लागलेली मिनिटं लिहून ठेवा. घोटीजवळ धामणगावला वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथवरचीही मोजा. तिथल्या डॉक्टरांना शिबिराच्या तारखा सांगा आणि दोनच गोष्टी विचारा: सापाची लस आत्ता शिल्लक आहे का, आणि रात्री ती द्यायला डॉक्टर हजर असतात का. शिबिराच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारा. एक गाडी पाचही दिवस शेतावर उभी राहील, तोंड रस्त्याकडे, किल्ली ठरलेल्या खिळ्यावर, आणि चालकाने भाजी आणायला ती न्यायची नाही. याला खर्च येतो. तो परवडत नसेल तर पाच दिवसांचं शिबिर तीन दिवसांचं करा, गाडी काढू नका.

सापाबद्दल पालकांची भीती अगदीच खोटी नाही, फक्त ती चुकीच्या वेळेची आहे. त्यांना वाटतं पोरगं झुडपात चेंडू आणायला गेलं आणि साप चावला. नाग, घोणस, फुरसं यांच्या बाबतीत ते ठीक आहे, त्यासाठी बूट, बॅटरी आणि हातात काठी. मण्यारीचं तसं नाही. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते, आणि तो चावा बहुतेकदा दुखत नाही, सुजतही नाही. मूल पहाटे उठून म्हणतं, पोटात दुखतंय. मग पापण्या जड होतात, घास गिळता येत नाही, बोलणं तोतरं होतं. स्वयंपाकघरातलं कोणीतरी ओवा देतं. शिबिरात जमिनीवर झोपलेल्या मुलाने पहाटे पोटदुखी सांगितली आणि डोळे पूर्ण उघडत नाहीत असं दिसलं, तर दाताची खूण शोधू नका, सर्पदंश समजून गाडी काढा. त्यापेक्षा आधीच, गावातून खाटा भाड्याने मिळाल्या तर घ्या, नाहीतर प्रत्येक अंथरुणावर मच्छरदाणी आणि तिच्या कडा गादीखाली चहूबाजूंनी खोचलेल्या. हा सर्वात स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. झोपायच्या जागेजवळ धान्य ठेवू नका, उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

चावा झालाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच. अंगठी, कडं, घड्याळ काढायचं. चावलेला हात-पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला बांधून हलू द्यायचा नाही, मुलाला चालवायचं नाही, उचलून न्यायचं. साप मारून न्यायची गरज नाही. लहान मुलालाही लस मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण सापाने विष वय बघून सोडलेलं नसतं. दवाखान्यात कोणी 'लहान आहे, थोडी देऊ' म्हणालं तर नम्रपणे पण ठामपणे विचारा.

विंचू चावल्यावर नुसती ठणक असेल तर एक वेळ ठीक. पण मुलाला दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणं यातलं काही दिसलं तर तो लाल विंचू समजा आणि निघा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून या दंशाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण किती खाली आणलं हे महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना माहीत आहे. ते औषध डॉक्टरांनीच द्यायचं, आपलं काम वेळेत पोचवायचं.

बिबट्या? नाशिक जिल्ह्यात तो आहे, निफाड-दिंडोरीच्या उसातही आहे, हे पालकांपासून लपवू नका. रात्री लघवीला एकटं जायचं नाही, आडोशाला अंधारात वाकून बसायचं नाही, उरलेलं अन्न आणि विशेषतः मटणाची हाडं शेताजवळ टाकायची नाहीत, संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर दिवा. एवढं केलं की पालकांना तुम्ही निवांत मनाने उत्तर देऊ शकता. गावातल्या भटक्या कुत्र्याची आणि अंजनेरीच्या माकडांची काळजी मला खरं तर जास्त वाटते. चावा किंवा ओरखडा, दोन्हीला साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. 'घरी गेल्यावर बघू' चालत नाही.

आता ऊन आणि वळीव. उन्हाच्या बाबतीत खूण घड्याळाची: अकरा ते चार मैदानी खेळ नाहीत, मग मुलं कितीही गोंधळ घालोत. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय, हे मुलांना पहिल्याच रात्री हसत-खेळत सांगा, मुलं ते विसरत नाहीत. मीठ-साखरेचं पाणी करायचं तर १ लिटर पाण्याला ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला आणि अंग भाजतंय, तर तो उष्माघात. आधी सावलीत घेऊन पूर्ण अंग पाण्याने भिजवायचं, वारा घालायचा, गाडीतही हे चालू ठेवायचं. थंड करणं आणि नेणं यात थंड करणं पहिलं.

वळवाचा पाऊस दुपारनंतर येतो आणि विजा घेऊन येतो. खूण अशी: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा कमी मोजले, म्हणजे वीज सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे, सगळे पक्क्या घरात किंवा पत्र्याच्या बंद बसमध्ये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. मंडप, तंबू, आंब्याचं झाड हा आसरा नव्हे, आणि कैऱ्यांसाठी मुलं नेमकी आंब्याखालीच जमतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप दोघांच्या फोनवर असू द्या. शेतावर साठ मुलं मावतील अशी पक्की इमारत नसेल तर जवळच्या शाळेची किल्ली ज्याच्याकडे असते त्या माणसाशी आधीच बोलून ठेवा. तेही जमत नसेल तर मेमध्ये ही जागा नको.

अंजनेरीला हरकत नाही, चांगली निवड आहे. हरिहर गड निवडला असता तर मी नको म्हटलं असतं. त्या उभ्या, कोरलेल्या पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात आणि सुट्टीच्या दिवशी तिथे साठ मुलांची रांग सांभाळणं कोणाच्याही हातात राहत नाही. अंजनेरी वनखात्याच्या अखत्यारीत आहे, त्यामुळे त्यांना आधी कळवा. पहाटे साडेपाचला पायथा सोडायचा, आणि साडेआठ वाजले की असाल तिथून मागे. शिखर दहा मिनिटांवर असलं तरी. पुढे एक, मागे एक, आणि मागच्याच्या मागे कोणीही मूल नाही. कड्यांवर आग्या मोहोळ असतं. अत्तर, बॉडी स्प्रे, धूर, दगड मारणं, आरडाओरडा, ड्रोन यातलं काहीही चालणार नाही. माश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत, तोंड कापडाने झाकून वाटेनेच खाली पळायचं. दहा-पंधरा मिनिटांत ओठ सुजले, दम लागला, आवाज बसला, तर ते गंभीर आहे, एका काट्यानेही असं होऊ शकतं.

रॅपलिंग हा दुसऱ्याच्या हाती द्यायचा कार्यक्रम आहे, म्हणून नीट विचारपूस करा. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार असे उपक्रम घेणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीचा कागद मागा. प्रशिक्षकाने उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगसारख्या गिर्यारोहण संस्थेतून काय केलं आहे ते विचारा. बेसिक कोर्स म्हणजे स्वतः चढता येतं, दुसऱ्यांना शिकवण्याचा कोर्स वेगळा असतो. दोर कधी घेतला, त्याची नोंदवही आहे का? प्रत्येक मुलाला दुसरा सुरक्षा दोर आणि हेल्मेट आहे का? यावर जो माणूस 'अहो, कितीतरी वर्षं करतोय, काही झालं नाही' असं उत्तर देतो, त्याला मी काम देत नाही.

इंग्लंडमधली एक घटना या संदर्भात सांगायलाच हवी. मार्च १९९३ मध्ये लाइम बे इथे कयाकमधून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होड्यांतून, समुद्रात नेलेल्या शाळकरी मुलांपैकी चौघांचा मृत्यू झाला. त्या केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी काही महिने आधीच सुरक्षेबद्दल व्यवस्थापनाला लेखी इशारा दिला होता. गट वेळेत परतला नाही तरी मदतीची हाक बऱ्याच उशिरा गेली. केंद्राच्या संचालकाला तुरुंगवास झाला आणि १९९५ मध्ये मुलांच्या साहसी केंद्रांसाठी वेगळा कायदा आला. तुमच्यासाठी यातून दोन गोष्टी. गट किती वाजेपर्यंत परत यायचा आणि त्यानंतर किती मिनिटांनी फोन फिरवायचा, हे तळावरच्या माणसाकडे लिहून ठेवलेलं हवं. आणि तक्रार करणाऱ्या पोराला गप्प करू नका. आपल्याकडे 'दादा म्हणाले ना' इथे विषय संपतो. म्हणून थांबा म्हणायचा अधिकार कोणाला, या प्रश्नाचं माझं उत्तर असं की कोणालाही. सतरा वर्षांच्या स्वयंसेविकेने शिट्टी वाजवली तरी कार्यक्रम थांबतो. पुन्हा सुरू करायचा अधिकार मात्र एकाच माणसाला, आणि त्याने कारण ऐकून घेतल्यावर. रोज रात्री मुलं झोपल्यावर दहा मिनिटं बसा आणि एका वहीत लिहा: आज काय थोडक्यात टळलं. घसरलेला पाय, उघडं राहिलेलं फाटक, चुकलेली मोजणी. नाव कोणाचंही लिहू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी वही कोरी राहील.

यापुढचं बोलायला मंडळांना संकोच वाटतो, म्हणून मीच बोलते. शिबिरात मुलांना धोका माणसांचाही असतो, आणि तो बहुतेकदा ओळखीच्या, लाघवी माणसाचा. कोणताही मोठा माणूस कोणत्याही मुलाबरोबर बंद दाराआड किंवा तंबूत एकटा असणार नाही, शिबिरप्रमुख धरून. मुलींच्या निवासात किमान दोन महिला मुक्कामाला. अंघोळीच्या जागेला आतून कडी आणि वर आडोसा. मुलांचे फोटो एकाच ठरलेल्या फोनवर, आणि कार्यकर्त्यांच्या व्यक्तिगत खात्यांवर नाहीत. बाहेरचे आचारी, चालक, प्रशिक्षक यांची नावं आणि ओळखपत्रं पोलिस ठाण्यात दिलेली. एखाद्या मुलाने काही सांगितलं तर ऐका, उलटतपासणी घेऊ नका, पाच जणांसमोर पुन्हा पुन्हा बोलायला लावू नका. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे, आणि आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ मध्ये वेगळी शिक्षा सांगितली आहे. 'मंडळाची बदनामी होईल, आपसात मिटवू' हा पर्यायच नाही. मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे. तो मुलांनाही सांगा.

आरोग्याच्या फॉर्मबद्दल एक अनुभव. 'काही आजार आहे का?' असं विचारलं की पालक 'नाही' लिहितात, मुलाला घेणार नाहीत या भीतीने. फिटचा आजार तर हमखास लपवतात. म्हणून फोनवर वेगळं विचारा: रोज कुठली गोळी चालू आहे का? ती देणाऱ्याचं नाव लिहून घेऊ का? झोपेत चालतो का? अंथरूण ओलं करतो का? दम्याचा पंप लागतो का? आईकडे विचारलेलं बरं. फिट येणाऱ्या मुलाला शिबिराला घ्या, फक्त पाणी आणि कडा यांपासून लांब ठेवा आणि त्याच्या गटप्रमुखाला माहीत असू द्या.

राहिलेलं भराभर. नाशिकहून येण्याजाण्याचा प्रवास पहाटेचा किंवा रात्रीचा नको, उजेडातच. ८ ऑक्टोबर २०२२ ला पहाटे औरंगाबाद रोडवर बस पेटली ते आपण विसरलेलो नाही. बसचं संकटकाळी उघडायचं दार स्वतः उघडून बघा. टँकरचं पाणी येणार असेल तर ग्रामपंचायतीकडून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) आणि ते किती टाकायचं हे समजून घ्या, प्यायचं पाणी वेगळं उकळा. दूध, पनीर, मेयोनीज आणि सकाळची उरलेली खिचडी रात्रीला नको. आचाऱ्याने हात धुतलेले दिसले पाहिजेत. अंघोळीला गॅस गीझर असेल आणि बाथरूमला खिडकी नसेल तर तो बंद करा, त्यातून साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि मूल आत निपचित पडतं. शेकोटी मे महिन्यात वाळल्या गवतात करायचीच असेल तर चहूबाजूंनी जमीन साफ करून, बाजूला पाण्याची पिंपं ठेवून, वारा सुटला की विझवायची. मला विचाराल तर आकाशदर्शन करा, मेमधल्या निरभ्र रात्री त्यासाठीच असतात. अपघात विमा गटाने काढा, फार महाग नसतो.

हे सगळं शेवटी दोन पानांत बसवा. त्याहून मोठी फाइल कोणी वाचत नाही. पहिल्या पानावर खुणा आणि आकडे: रेघ, अकरा ते चार, ३० सेकंद, साडेआठ. दुसऱ्यावर नावं आणि फोन, रुग्णालयांपर्यंतची मिनिटं, गाडीची किल्ली कुठे आणि पालकांना फोन कोण करणार. वाईट बातमी पालकांना शिबिरप्रमुखाच्या तोंडून कळली पाहिजे, व्हॉट्सॲप ग्रुपवरून नव्हे, म्हणून काही घडलं की बाकी सगळ्यांनी फोन खिशात. एक प्रत स्वयंपाकघरात लावा, एक गाडीत ठेवा, एक नाशिकमध्ये राहिलेल्या माणसाकडे, ज्याच्याकडे मुलांची यादीही असेल.

तुमचं पत्रक अजून छापायला गेलं नसेल तर आजच त्यातून 'धरणात पोहण्याचा आनंद' ही ओळ काढा. एकदा ती ओळ मुलांच्या घरी पोचली की पाचही दिवस तुम्हाला साठ मुलांना नाही म्हणत बसावं लागेल.